बोलता येईल इतक्याच वेगानं

वनिता गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत सहावीच्या वह्या तपासत होते. हॉस्पिटलमधून आईचा फोन होता. "ये," एवढंच ती म्हणाली. फोन कानाला तसाच लावून बसली असावी, कारण मागे नर्सचं बोलणं ऐकू येत होतं. त्या क्षणी मला सगळ्यात आधी जे वाटलं ते लिहायला संकोच होतो... उद्या सकाळी डबा करून कामोठ्याहून हॉस्पिटलात धावतपळत जायचं नाही, असं वाटलं. रडू नंतर आलं, रिक्षात. आज सहा आठवडे झाले, थकवा काही उतरत नाही. आणि लिहायचंही थकव्याबद्दलच आहे, कारण माझ्या धाकट्या बहिणीच्या थकव्याला आम्ही तीस वर्षं आळस म्हणत आलो. म्हणणाऱ्यांत मी पहिली.

आम्ही शिरवण्याच्या. शेतं नवी मुंबईच्या भूसंपादनात गेलेली, बाबा एमआयडीसीतल्या कंपनीत, घरात आई आणि आम्ही दोघी. वनिताच्या पापण्या लहानपणापासून जरा उतरलेल्या, त्यामुळे ती सदा झोपेतून उठल्यासारखी दिसायची. शाळेच्या वाटेवर दोनदा बसायची, पाण्याची कळशी अर्ध्या वाटेत खाली ठेवायची. एका चैत्रात आम्ही एकवीरेला गेलो होतो. ती अकराची, मी पंधराची. अर्ध्या पायऱ्या चढून ती जी बसली ती उठेचना. नातेवाईक वर पोचले होते, मला लाज वाटत होती, आणि मी येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत तिच्या थोबाडीत दिली. ती रडली नाही. "ताई, मी उठते गं, पाय उठत नाय," म्हणाली. हे वाक्य पुढे मी कितीदा तरी तिची नक्कल करत घरात सांगितलं आणि सगळ्यांना हसवलं.

बाबा लवकर गेले, मी लग्न होऊन कामोठ्याला आले. वनिताची दोन स्थळं मुलगी मरगळलेली वाटते म्हणून परत गेली, तिसरं तिनंच येऊ दिलं नाही. घरीच ब्लाउज शिवायची. हात फार चांगला होता तिचा. पण पायानं मशीन मारून दमते म्हणून तिनं मशीनला मोटर बसवून घेतली, तेव्हा गल्लीत त्याचीही थट्टा झाली. सदतिसाव्या वर्षी पापण्या निम्म्या डोळ्यांवर आल्या, जिना चढवेना, घास अडकायला लागला, तेव्हा कुठे मी तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी कागदावर एक पेशी काढून दाखवली. स्नायूच्या पेशीत अन्नापासून ताकद तयार करणारे बारीक कण असतात, मायटोकॉन्ड्रिया. वनिताचे त्यातले बरेच बिघडलेले होते, जन्मापासूनच. घरी आल्यावर माझ्या मुलीनं नववीचं पुस्तक उघडून त्यांचं मराठी नाव वाचून दाखवलं, तंतुकणिका. वनितानं ते दोनदा म्हणून पाहिलं. मग ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले.

तो आजार बरा करणारं औषध नव्हतं, व्यायाम होता. आई चिडलीच. दमलेल्या पोरीला सायकल मारायला लावतात, हे कसलं डॉक्टर, असं तिचं म्हणणं. डॉक्टर बाईंनी शांतपणे समजावलं. स्नायूला नेमानं, बेतानं कामाला लावलं तर तो हे कण आणखी तयार करतो. धडधाकट माणसाचा दम सरावानं वाढतो तोही बराचसा त्यामुळेच. हिचे बिघडलेले कण जाणार नाहीत, पण एकूण कण वाढले तर पायांना थोडी जास्त ताकद मिळेल. मात्र हे साठवून ठेवता येत नाही, काही आठवडे सोडलं की स्नायू पुन्हा होता तिथे येतो. घरात उभी ठेवून मारायची सायकल आली. सुरुवात चार मिनिटांची. वेग किती, तर मारता मारता सहज बोलता येईल इतकाच. बोलणं तुटायला लागलं की हळू करायचं. म्हणजे बोलायला समोर कुणीतरी हवं. आठवड्यातून तीन दिवस शाळा सुटल्यावर मी शिरवण्याला जाऊ लागले, ते त्यासाठी.

आम्हा दोघींना एकमेकींशी बोलायची सवयच नव्हती. पहिले काही दिवस तिनं गिऱ्हाइकांच्या गमती सांगितल्या, मी शाळेच्या. मग चारची आठ मिनिटं झाली, आठाची पंधरा, आणि सांगण्यासारखं वरवरचं सगळं संपलं... एका संध्याकाळी पायडल मारता मारता तिनंच एकवीरेचं काढलं. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "तुला वाईट वाटावं म्हनून नाय काढलं. मलाच तवा वाटायचं, आपन खोटं बोलतोय का." त्यानंतर तिला धाप लागली आणि तिनं वेग कमी केला. त्या दिवशी पुढची मिनिटं मीच बोलत राहिले.

सहा महिन्यांनी ती कामोठ्याला माझ्याकडे आली, तीन मजले एकदाच थांबून चढली. तपासणीतही दम वाढलेला दिसला. त्याच भेटीत आईनं विचारलं की हे येतं कुणाकडून. हे कण आईकडूनच मुलांकडे येतात, यात कुणाचा दोष नसतो, आणि थोरलीनंही एकदा तपासून घ्यावं, असं डॉक्टर म्हणाल्या. घरी येऊन आई उंबऱ्यातच बसली. मग म्हणाली, "मना पन लावणीला बांधावर बसायला लागायचं. सासू बोलायची, मंग उठायची. म्हंजे माझ्याकरनंच गेलं."

"आय, तू दिलंस त्याच्यावरच चालले ना मी इतकी वर्सं," वनिता म्हणाली, आणि भाकऱ्या टाकायला उठली.

दोन वर्षं बरी गेली. मग एका तापानं तिला तीन आठवडे झोपवलं आणि कमावलेलं सगळं गेलं. पुन्हा चार मिनिटांपासून. तिनं ते केलं. पण त्या सुमारास मी दमले होते. परीक्षा, घर, दोन बस... बुधवार चुकू लागला, मग शुक्रवारही. एकटीनं करत जा, असं मी फोनवर सांगायचे. हो म्हणायची. या वर्षी छातीत कफ झाला, श्वासाचे स्नायूच थकले, आणि अकराव्या दिवशी ती गेली. माझे बुधवार चुकले नसते तर, असं मी डॉक्टरांना विचारलं. आजार इथवर येणारच होता, म्हणाल्या. मी ते ऐकून घेतलं.

मागच्या रविवारी आई आणि मी तिनं शिवून ठेवलेले ब्लाउज द्यायला नेरूळला निघालो. निम्म्या वाटेत आई एका सोसायटीच्या कट्ट्यावर टेकली आणि टेकल्या टेकल्याच उठायला लागली, लोक बघतात म्हणून. मी तिला बसवलं आणि पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसले. मग तिनं विचारलं, तुझे पन पाय भरून येतात काय गं?

येतात, मी म्हटलं. बऱ्याच वर्षांपासून.

आईनं पिशवी माझ्या मांडीवरून काढून स्वतःच्या मांडीवर घेतली.