टबाखालचे दोन पाइप

शिवणकाम करणाऱ्या बाईंना सगळी इमारत टेलरकाकू म्हणायची. दुकानाच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं तेव्हा त्यांनी आधी कपड्यांचे गठ्ठे हलवले. दोन दिवसांत तिथेही ठिबकू लागलं. मग मात्र काकू उठल्या आणि तडक वरच्या मजल्यावर गेल्या.

वर एक आजोबा एकटेच राहायचे. त्यांनी दार जेमतेम किलकिलं केलं आणि गळतीचं ऐकून घेतलं.

"प्लंबर आणणार असाल तर नको. मागच्याने पाणी बंद करून ठेवलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही."

"मग मी करते दुरुस्त."

"तुम्हाला येतं?"

"नाही. पण खाली गिऱ्हाइकांचे कपडे भिजतायत आणि तुम्ही कुणाला आत घेत नाही. मग उरलं कोण?"

आजोबा बाजूला झाले.

बाथरूममध्ये जाऊन टबाच्या कडेची फळी काढून काकूंनी बॅटरी मारली. नळाला गरम आणि गार पाणी आणणारे दोन लवचिक पाइप होते. गार पाण्याचा अगदी ताणून बसवलेला, त्याची जाळी नटापाशी तुटलेली. काकूंनी मेन कॉक बंद केला, आजोबांच्या गंजक्या पान्याने दोन्ही पाइप काढले आणि ते घेऊनच नळसामानाचं दुकान गाठलं.

दुकानदाराने तेवढ्याच लांबीचे पाइप पुढे केले. आटे जुळत होते.

"जरा लांब द्या. ताणलं की उसवतं."

"काकू, हा पाइप आहे, बाही नाही."

"असू दे. वाकवून बघते."

पहिला वाकवताच मधोमध दुमडला. दुसरा छान गोल वळला. गरम पाण्याला चालेल ना, हे दोनदा विचारून काकूंनी त्यातले दोन घेतले.

परत वर येऊन त्यांनी सगळा जोर लावून नट आवळले. कॉक उघडला तर धार लागली.

"मी म्हणत नव्हतो?" आजोबा म्हणाले.

"म्हणत होतात. आता बॅटरी नीट धरा."

नट उघडला तर आतला वॉशर चेंगरून फाटला होता. काकू पुन्हा दुकानात गेल्या. दुकानदाराने वॉशर दिले आणि सांगितलं, आधी हाताने आवळा, मग पान्याने अगदी जरासं. काकूंनी मुकाट्याने तसंच केलं, पाणी सोडलं आणि पाइपांखाली वर्तमानपत्र पसरलं. दोघं तिथेच फरशीवर बसून राहिले.

बऱ्याच वेळाने आजोबा म्हणाले, "प्लंबरचं निमित्त हो. ही गेल्यापासून घराचा उकिरडा झालाय. कुणाला दाखवायचा?"

काकूंनी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. खुर्च्यांवर कपडे, कपड्यांवर कागद, टेबलावर उष्टी भांडी.

"माझ्या दुकानात येऊन बघा एकदा. चिंध्यांत पाय रुततो."

आजोबा पहिल्यांदाच हसले.

वर्तमानपत्र कोरडं होतं. काकूंनी ते उचलून, उलटून पाहिलं आणि मगच फळी बसवली.