घरभेद्याने काढलेलं उट्टं

ऑफिसात त्याला सगळे घरभेदी म्हणत. तोंडावर म्हणत आणि हसत हसत म्हणत, त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती.

कंपनी व्हिडिओ गेम बनवणारी आणि हा तिथला टेस्टर. दिवसभर गेम खेळायचा, कुठे काय अडतंय ते हुडकायचं आणि बगचा रिपोर्ट लिहायचा, हे त्याचं काम. दर शुक्रवारी दुपारी दोन गट करून सगळे स्वतःच्याच नव्या गेममधली लढाई खेळत. नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात तो पहिल्यांदा उतरला आणि त्याने आपल्याच गटाचे चार गडी टिपले. चौथा होता कलाप्रमुख. गेममधली झाडं, माणसं, रंग, सगळं त्याच्या शब्दावर चाले.

"अरे शहाण्या, माझ्या पायाशी हिरवं वर्तुळ आहे! हिरवा तो आपला, लाल तो शत्रू. बालवाडीत गेला होतास ना?"

"सर, मला दोन्ही एकसारखीच दिसतात. मातकट."

कलाप्रमुखाने खुर्ची गर्रकन वळवली. "रंगांध? आणि टेस्टर?" त्याने टेबलावरची पाण्याची बाटली उचलली. "ही कुठल्या रंगाची, सांग बघू."

मग काय, सगळा मजला पुढे सरसावला. कोणी पेन दाखवलं, कोणी डब्याचं झाकण, कोणी सदऱ्याची बाही. उत्तर चुकलं की टाळ्या. अर्धा तास हा खेळ रंगला. कोणी काय उचलून दाखवलं होतं ते घरभेद्याला आजही क्रमाने पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने रीतसर रिपोर्ट लिहिला. वर्तुळांना रंगाखेरीज आणखी एखादी खूण द्या. शत्रूच्या डोक्यावर त्रिकोण दिला तरी पुरे. पण तिथली पद्धत अशी की ज्या विभागाचं काम, त्यानेच रिपोर्ट निकाली काढायचा. म्हणजे रिपोर्ट कलाप्रमुखाकडे गेला आणि एका ओळीच्या शेऱ्यासह बंद झाला: 'दोष नाही. खेळाडूने नीट पाहावे.' त्याने पुन्हा लिहिला, पुन्हा बंद. सात वेळा. सातव्या वेळी कलाप्रमुख त्याच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"बाळा, मी दोन वर्षं ते गवत रंगवलंय. त्यावर तुझे त्रिकोण नाचवू? ज्याला दिसत नाही त्याने दुसरा गेम खेळावा. जगात काय कमी गेम आहेत?"

घरभेदी "बरं सर" म्हणाला. पण त्याने डूख धरला तो त्या दिवशी.

घरी आई आणि मामा. मामाचे डोळेही असेच. तरुणपणी त्याला इंजिन चालवायचं होतं. लेखी परीक्षेत पहिला आला, आणि डोळ्यांच्या तपासणीत ठिपक्यांच्या चित्रातला आकडा काही दिसेना. डॉक्टरने पुढच्याला हाक मारली. मामाने उभा जन्म त्याच इंजिनांच्या वेळापत्रकांवर शिक्के मारण्यात घालवला. आता निवृत्त होऊन बहिणीकडे राही आणि फोनवर रंगीत गोळ्या जुळवायचा गेम खेळून रोज हरे.

"हा मेला दोन जांभळ्या गोळ्या दाखवतो आणि म्हणतो जुळत नाहीत!"

"दादा, त्यातली एक निळी आहे," आई भाजी चिरता चिरता म्हणे.

"तुला कोणी विचारलंय का?"

घरभेद्याने सात रिपोर्टांची कथा सांगितली तेव्हा मामाने फोन बाजूला ठेवला. हे सहसा होत नसे.

"मी त्या डॉक्टरला काही बोललो नाही. चाळीस वर्षं झाली, अजून आंघोळ करताना त्याला उत्तरं देतो. तू असा कुढत बसू नकोस. जिरव त्याची."

"दादा, काय शिकवतोयस पोराला?" आई म्हणाली.

"जे मला कोणी शिकवलं नाही ते."

घरभेदी नुसताच टेस्टर नव्हता, प्रोग्रॅमही लिही. महिनाभर जेवणाच्या सुट्टीत बसून त्याने एक छोटा प्रोग्रॅम रचला. तो चालू केला की स्क्रीनवरचे रंग त्याला जसे दिसत तसे सगळ्यांना दिसत. तो तयार झाला तेव्हा त्याला स्वतःला स्क्रीनवर काहीच फरक जाणवला नाही. म्हणजे जमलं होतं.

गेम बाजारात जायच्या आधीच्या शुक्रवारी मोठी लढाई ठरली: कला विभाग विरुद्ध बाकी सगळे. कंपनीच्या मालकीण, मोठ्या मॅडम, स्वतः बघायला येणार होत्या. लढाईच्या मशीन तयार करायचं काम टेस्टरचं. कला विभागाच्या पाचही मशीनवर त्याने आपला प्रोग्रॅम बसवला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला हात लावला नाही. तिथे सगळ्यांना खरे रंग दिसणार होते.

लढाई सुरू झाली. पहिल्याच मिनिटाला कलाप्रमुख ओरडला, "अरे, माझे रंग गेले! थांबवा!"

"सुरू झालेली लढाई थांबत नाही सर, तुमचाच नियम," घरभेदी मागून म्हणाला. "उठलात तर गट बाद."

मोठ्या मॅडम बघत होत्या. उठणार कसा? कलाप्रमुखाने गोळी झाडली. पडद्यावर सगळ्यांना स्वच्छ दिसलं: पायाशी हिरवंगार वर्तुळ असलेला त्याचाच माणूस आडवा झाला.

"अहो सर, मी! मी आहे तो!" शेजारची मुलगी किंचाळली, आणि पुढच्या क्षणी तिच्या पलीकडच्या गड्याने कलाप्रमुखालाच टिपलं.

पाच मिनिटांत कला विभागाने कला विभागाचा फडशा पाडला. शत्रूला बोटही उचलावं लागलं नाही. लोक हसून हसून टेबलांवर पडले होते. घरभेदी हसला नाही. तो कलाप्रमुखाच्या खुर्चीपाशी वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, "हिरवा तो आपला सर. नीट पाहावे."

"मशीनला कोणी हात लावलाय?" मॅडमनी विचारलं.

"मी," घरभेदी म्हणाला. "मला रोज असंच दिसतं. सात रिपोर्ट लिहिलेत."

मॅडमनी कलाप्रमुखाला उठवलं, स्वतः त्या खुर्चीवर बसल्या आणि नवी लढाई लावायला सांगितली. दोन मिनिटांत त्यांनीही आपले दोघे मारले. हात खाली ठेवून त्यांनी विचारलं, "असे किती जण असतात?"

"वीस-पंचवीस पुरुषांत एखादा तरी, मॅडम."

"म्हणजे आपल्या खेळणाऱ्यांत हजारोंनी." त्या उठल्या. "तुला खरं तर आजच हाकलायला हवं. पण आधी हे निस्तर. गुरुवारपर्यंत खुणा हव्यात. खुणा कलाप्रमुख काढतील, आणि तू दिसतंय म्हणशील तेव्हाच गेम बाहेर जाईल."

हे मात्र घरभेद्याच्याही हिशेबात नव्हतं.

सोमवारी कलाप्रमुख खुर्ची ओढत त्याच्या टेबलाशी आला. पहिला त्रिकोण बारीक होता, गवतात बुडाला. दुसरा ठसठशीत, पांढऱ्या काठाचा. घरभेद्याला तो पहिल्या नजरेत दिसला. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच त्याला शत्रू शत्रूसारखा दिसत होता.

"दिसतो?"

"नाही सर."

कलाप्रमुख परत गेला, तिसरा काढून घेऊन आला. मग चौकोन, फुली, बाण. "नाही सर." "काठ थोडा जाड करून बघता?" "आता बारीक करून बघा." मंगळवारी दुपारी कलाप्रमुखाने डबा न उघडताच परत नेला. बुधवारी एकोणिसावी खूण झाली. घरभेद्याला इतकी शांत झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

गुरुवारी सकाळी कलाप्रमुख घरभेद्याला घेऊन मॅडमकडे गेला. "याच्या एकट्याच्या शब्दावर किती दिवस नाचू? दुसरा कोणी रंगांध आणा."

"माझा मामा आहे," घरभेदी चटकन म्हणाला. मामा तर घरचाच माणूस. फोन करून त्याला पढवलं: काहीही दाखवलं तरी दिसत नाही म्हणायचं.

"ते काय सांगायला हवं?" मामा म्हणाला. इस्त्रीचा सदरा घालून, दाढी घोटून, तासाभरात हजर झाला.

कलाप्रमुखाने सगळ्या खुणा क्रमाने लावून ठेवल्या होत्या. पहिल्या खुणेला मामा ठरल्याप्रमाणे म्हणाला, "छे, काही दिसत नाही." दुसरी लागली. मामा पुढे झुकला. झाडामागून एक जण धावत आला, त्याच्या डोक्यावर पांढऱ्या काठाचा त्रिकोण. मामाने बटण दाबलं. माणूस पडला.

"लागला! अरेच्चा, लागला की! तो बघ आणखी एक, दगडाआड!" मामा खुर्चीतून अर्धा उठला होता. "आणि हा आपला, याला नाही मारायचं. भाच्या, हे तर लख्ख दिसतंय रे!"

घरभेद्याने कपाळावर हात मारला. मामाचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तो चौथा शत्रू शोधत होता, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून घरभेद्याला त्याला थांबवणं काही जमेना.

कलाप्रमुखाने खुर्ची घरभेद्याजवळ ओढली. मग हळू आवाजात त्याने विचारलं, "खरं सांग. तुला कुठली खूण दिसली होती? पंधरावी? दहावी?"

"दुसरी," घरभेदी म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत डोळे घालून त्याने मंजुरीचं बटण दाबलं.