गंध लागलेली डिस्क

कॉम्प्युटरच्या दुकानात दोन गोष्टी झाडाव्या तितक्या साठतात. एक धूळ, दुसरे किस्से. धूळ मी रोज सकाळी झाडतो. किस्से तेवढे राहून जातात.

दुकान व्यंकटरावांचं. कुंभकोणमच्या तळ्याजवळच्या गल्लीत. मी झाडलोट करतो, फिल्टर कापी, म्हणजे इकडची कॉफी, करतो आणि उरलेला वेळ स्टुलावर बसून बघतो. शाळा मी बाहेरूनच पाहिली. अक्षरं शिकवली ती बायकोनं, तुळजानं. कोलम, म्हणजे दारची रांगोळी, काढून उरलेल्या पिठात बोट फिरवून. तिला जाऊन आता चार वर्षं झाली. पण ती असताना व्यंकटरावांनी तिला तिण्णैवर, म्हणजे आमच्या ओसरीवर, बसवून तिची हळदीची गाणी रेकॉर्ड करून ठेवली होती. एकतीस गाणी. सगळी दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरात. दुसरीकडे कुठेही नाहीत!

*

एका सकाळी तो जुना कॉम्प्युटर टकटक करू लागला. मला वाटलं, पाल चुकचुकते आहे. मी आपला जमिनीवर बोट आपटून म्हणालो, "कृष्ण, कृष्ण."

सेल्वी धावत आली. सेल्वी म्हणजे आमच्या दुकानात मशीन जोडणारी पोर, हातात कायम स्क्रूड्रायव्हर. "तात्ता, पाल नाही! डिस्क मरते आहे!" तात्ता म्हणजे तामिळमध्ये आजोबा. ती तामिळच बोलते, मी तिचं बोलणं मराठीत लिहितो आहे, इतकंच.

दुपारपर्यंत घाम गाळून तिनं एकतीसच्या एकतीस गाणी एका पेनड्राइव्हमध्ये काढली. संध्याकाळी डिस्क गेली. मी तिच्या कापीत एक चमचा साखर जास्त घातली.

*

मग नवा डेस्कटॉप जोडायचं ठरलं. सेल्वीनं दोन एसएसडी, म्हणजे नव्या तऱ्हेच्या डिस्का, आणल्या, अगदी जुळ्या. मी एक कानाला लावून पाहिली.

"यात काही फिरत नाही, तात्ता. आवाजच नाही."

"काम करते आणि बोलत नाही? आमच्या घराण्यात अशी कोणी झालीच नाही!"

व्यंकटरावांच्या आई, अंबाक्का, कोपऱ्यात फुलं ओवत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी कापी करायला निघून गेलो.

"पण दोन कशाला?" मी आतून विचारलं.

"आरसा!" सेल्वी म्हणाली. "एकीवर जे केलं, ते दुसरीवर आपोआप होतं. एक मेली तरी दुसरी आहे."

*

नवं मशीन सुरू झालं आणि अंबाक्का पडद्याजवळ गेल्या. दोन डिस्का घातल्या, पण जागा दिसत होती एकीचीच.

"अर्धें कोठें गेलें? दुकानदारानें फसविलें!" अंबाक्का अशाच बोलतात, जुनी तंजावरी मराठी. पुण्याकडच्या पाहुण्यांना ते पोथीतलं वाटतं, आम्हाला घरातलं.

सेल्वीनं समजावलं, व्यंकटरावांनी समजावलं. अक्का ऐकेनात. शेवटी मी म्हटलं, "अक्का, नाचियार्कोविलहून तुम्ही समयांची जोडी आणली. दोन आणल्या म्हणून घर मोठं झालं का?"

"न्हवें."

"एक विझली तर?"

"दुसरी असते की."

"तसंच हे."

"मग हें आधीं सांगायचें!" म्हणून त्यांनी सेल्वीलाच दटावलं.

*

त्याआधी आरसा तयार करताना पडद्यावर लाल अक्षरं आली होती, दोन्ही डिस्कांवरचं सगळं पुसलं जाईल म्हणून. मी पेनड्राइव्ह उचलला आणि वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, कनवटीला खोचला.

"तात्ता, तो मशीनला लावलेलाच नव्हता. त्याला काही होत नाही."

"पुसून झालं की माग."

अर्ध्या तासानं तिनं मागितला. मी म्हटलं, "नक्की झालं?" तिनं हसून आपल्या आईची शपथ घेतली. मगच दिला. तिनं गाणी चढवली आणि व्यंकटरावांनी तोच पेनड्राइव्ह पुसून दुसऱ्या कामाला घेतला! मला हे नंतर कळलं, ते बरंच झालं.

*

सेल्वीनं मला गाणं लावायला शिकवलं. तिसऱ्याच दिवशी माझं बोट कुठेतरी पडलं आणि पहिलं गाणं गायब! पण मी घाबरलो नाही. म्हटलं, "आरशातल्या डिस्कवर असेल ना."

सेल्वीनं कपाळावर हात मारला. "तात्ता, तुम्ही शेंडी कापली, तर आरशातली राहील का? एकीवर केलं की दुसरीवरही होतंच!"

अंबाक्कांनी फुलं ओवता ओवता मान डोलावली. त्यांना ते अगदी पटलं.

गाणं कॉम्प्युटरातल्याच कचऱ्याच्या पेटीत सापडलं. सेल्वी म्हणाली, "तिसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढून तुमच्या घरी ठेवू. पूजा होऊ दे, मग काढते."

*

ती पूजा म्हणजे आयुधपूजा. आमच्याकडे तेव्हा लॉरीपासून सुईपर्यंत सगळ्यांना गंध-कुंकू लागतं. ताटात स्क्रूड्रायव्हर मांडले, टेस्टर मांडला. अंबाक्का म्हणाल्या, "नव्या मशीनींत आंतल्यांनीं काय पाप केलें? त्यांनाही काढ."

व्यंकटराव म्हणाले, "आई, नको." पण आईपुढे कोणाचं चालतं? सेल्वीनं दोन्ही डिस्का काढून ताटात ठेवल्या आणि ती हार आणायला गेली. पूजेला ठेवलेल्या हत्यारांना त्या दिवशी हात लावायचा नसतो. म्हणून डिस्का ताटातच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सेल्वीनं त्या झटकल्या, बसवल्या, मशीन सुरू केलं. पडद्यावर अक्षरं आली. तिनं ती दोनदा वाचली.

"काय?" मी विचारलं.

"एक डिस्क दिसत नाही."

तिनं ती बाहेर काढली. एका टोकाला बारीक सोनेरी दात असतात. अंबाक्कांनी तेच तोंड समजून गंध तिथंच लावलं होतं, तेही सढळ हातानं. वाळून घट्ट बसलं होतं.

अंबाक्का भिंतीला टेकल्या. "माझ्या हातानें तुळजेचें गाणें गेलें?"

तिसरी प्रत काढायची राहिली होती. पेनड्राइव्हचंही व्यंकटरावांनी तेव्हाच सांगितलं, मान खाली घालून.

सेल्वीनं उरलेल्या एकाच डिस्कवरून पहिलं गाणं लावलं. क्षणभर काहीच नाही. मग तुळजा खाकरली. गाण्याआधी ती नेहमी खाकरायची. आणि गाऊ लागली.

माझ्या हातातली कापी गार झाली. मी सेल्वीला हात जोडले, व्यंकटरावांना जोडले, त्या उरलेल्या डिस्कलासुद्धा जोडले. सेल्वीनं मात्र आधी तिसरी प्रत काढली आणि मला कनवटीला खोचायला दिली. मगच मशीन बंद करून ती चालणारी डिस्क तपासायला काढली. तिच्यावर गंधाचा टिपूसही नव्हता.

"अम्मा," तिनं अंबाक्कांना विचारलं, "हिला गंध का नाही लावलंत?"

अंबाक्कांनी डोळे पुसले आणि तिच्याकडे असं पाहिलं, जणू पोरीला एवढंही ठाऊक नसावं!

"तूंच सांगितलेंस की, एकीवर केलें म्हणजे दुसरीवर आपोआप होतें!"