शुक्रवारी ऐकू यायची ती ट्यून

गेमवाल्या मित्रांनो, आपल्या मॉन्स्टर पकडायच्या गेमची सुरुवातीची ट्यून ऐकली की तुम्हाला काय आठवतं? मला शुक्रवार आठवतो.

आमचं घर भिवंडीत, बाबांच्या लूमच्या, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागांच्या, कारखान्यावर. खाली लूम चालू असले की वर एकमेकांचं बोलणंही ऐकू यायचं नाही, मग गेमचा आवाज कुठला? बहुतेक मॉन्स्टर मी आवाजाशिवायच पकडले. शुक्रवारी लूमला सुट्टी. तेवढा एक दिवस ट्यून घरभर वाजायची आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "बंद कर ते टिणटिण."

पुढे या सिरीजचा प्रत्येक गेम खेळलो. तरी मनात ट्यून तीच राहिली.

आज सकाळी आमचे लूम भंगारात गेले. टेम्पो गेल्यावर बाबा खाली उतरलेच नाहीत. मला काही सुचेना, म्हणून तो जुना गेम काढला, नवे सेल घातले आणि चालू केला.

ट्यून वाजली. आतून आईने सवयीने विचारलं, "आज शुक्रवार हाय का रे?"

आज मंगळवार. बाबाच म्हणाले, "आता रोजच शुक्रवार हाय."

ट्यून बराच वेळ वाजत राहिली. बंद कर, असं कुणीच म्हणालं नाही.