बारावर फिरवलेली कडी

पारगावच्या मल्हार कोळेकराला कुणी विचारलं, "मामा, नजर हाय का अजून तशीच?" तर तो सरळ उत्तर देत नसे. लांबच्या बांधाकडं बोट करून म्हणे, "त्या बाभळीखाली टिटवी बसलीया. उठली बघ आत्ता." पुढचा माणूस डोळे ताणताणून बघायचा आणि मान डोलवायचा. त्याला काडीचंही दिसलेलं नसायचं, पण मामाला खोटं पाडायची छाती दौंड-शिरूर पट्ट्यात कुणाची नव्हती.

बाप मेंढरं राखायचा, तेव्हापासूनची ही नजर. पुढं पाणी आलं, मेंढरं गेली, रानभर ऊस झाला आणि उसात बिबटे येऊन राहिले. बिबटे पकडणाऱ्या पथकात मल्हार लागला त्याला चौदा वर्षं झाली. भुलीचं इंजेक्शन डॉक्टरांनी भरायचं आणि बंदुकीनं ते मल्हारनं मारायचं, असा रिवाजच पडून गेला. त्याच्या बंदुकीवरची दुर्बीण साधी, चौपट मोठं दाखवणारी. तिला कमी-जास्त काही करता येत नसे आणि मल्हारला तसं कधी करावंसं वाटलंही नव्हतं.

मग सायली आली. शिक्रापूरची पोरगी, बाप रांजणगावला कंपनीत शिफ्ट करणारा, आणि ही जनावरांची डॉक्टर. तिच्याबरोबर नवी बंदूक आली आणि त्या बंदुकीवर नवी दुर्बीण. नळीवरची कडी फिरवली की तिपटीपासून थेट बारापटीपर्यंत! वस्तीवर गाडी थांबली की बायका म्हणायच्या, "म्याडम, आमालाबी दावा की." सायली हसत दाखवायची. मल्हारच्या दुर्बिणीतून बघू द्या, असं चौदा वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं. मामाच्या पोटात दुखायला लागलं ते तिथून.

एका संध्याकाळी कुणी नाही असं बघून त्यानं ती दुर्बीण उचलली आणि लांबच्या विजेच्या खांबावर धरली. कडी बारावर नेली तर चित्र मोठं झालं खरं, पण काळवंडलं. खांबाच्या कडेला जांभळट झालर दिसायला लागली. डोळा जरा हलला की सगळं काळं, आणि श्वास घेतला तरी खांब नाचायचा. कडी चारवर आणली तर सगळं लख्ख. मामाला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यानं सगळ्यांसमोर डोसच पाजला. "बाराचा नुसता तोरा हाय, डॉक्टरीणबाई. उजेड गेला की तुमची दुर्बीण आंधळी."

सायली चिडली असती तर मामाला तो आठवडा गोड गेला असता. ती म्हणाली, "अगदी बरोबर बोललात, मामा. बारा फक्त भर उन्हात, लांबून बघायला. मारताना चारच." तेवढ्यावर न थांबता तिनं पथकाला नियम घालून दिला: मारणाऱ्यानं आधी कडीवरचा आकडा मोठ्यानं सांगायचा, शेजारच्यानं तो परत म्हणायचा, मगच चाप ओढायचा. वनखात्याच्या साहेबांनी नियमाचं तोंड भरून कौतुक केलं. मामाचं नव्हे, सायलीचं.

जानेवारीत मांडवगणच्या बाजूच्या एका वस्तीवरून फोन आला. रानडुकरांसाठी कुणीतरी लावलेल्या तारेच्या फासात बिबट्याचा पुढचा पाय अडकला होता. पथक पोचलं तेव्हा दिवस नुकताच मावळला होता. तार बांधलेली खुंटी प्रत्येक हिसक्यानं ढिली होत होती, पलीकडं ऊस आणि अलीकडं पन्नास पावलांवर फोन करणाऱ्या गिताबाईचं घर. मल्हारची जुनी बंदूक दुरुस्तीला गेलेली. नव्या बंदुकीनं एकदाच मारायला मिळणार, हे सगळ्यांना कळत होतं.

सायलीनं इंजेक्शन भरलं आणि बंदूक मल्हारपुढं धरली. "तुम्हीच मारा, मामा. तुमच्यासारखा हात आपल्यात कुणाचा नाही."

दुसरा कुणी असता तर सुखावला असता. मामाला वाटलं, आता माझं कामसुद्धा हीच मला देणार!

तिथं उभ्या उसाच्या ट्रॉलीच्या फळीवर कोपर टेकवून त्यानं नेम धरला. कडी चारवरच होती. आख्खा बिबट्या, बांध, खुंटी, सगळं स्वच्छ दिसत होतं. चौदा वर्षं दिसायचं तेवढंच. हिला मात्र याहून जास्त दिसतं, हा विचार काही केल्या हटेना. एकदाच बघू, म्हणून त्यानं कडी फिरवली.

बिबट्याची एकेक मिशी दिसली. ओलं नाक, तारेखालचं रक्त. इतके बिबटे पाडले, पण असं तोंड त्यानं कधी बघितलं नव्हतं. मामा बघतच राहिला.

"मामा, आकडा?" मागून सायली म्हणाली.

आता कडी मागं फिरवली तर तिला दिसणार. चारचौघांत बाराला नावं ठेवणारा मामाच बारावर सापडला, हे तिला कळणार. तो म्हणाला, "चार."

"चार," सायलीनं विश्वासानं म्हटलं.

तेवढ्यात जनावरानं हिसका दिला. बारीकशा गोलात नुसता पिवळट काळोख हलला. खांदा कुठला, पोट कुठलं, काहीच कळेना. मामानं चाप ओढला. इंजेक्शन बांधाच्या मातीत रुतलं, खुंटी उपटली आणि बिबट्या पायातल्या तारेसकट उसात गेला.

साहेब धावत आले. त्याआधी सायलीनं मामाच्या हातातून बंदूक घेतली होती. तिची नजर कडीवर गेलेली मामानं बघितली. तिनं अंगठ्यानं कडी हळूच चारवर आणली आणि साहेबांना म्हणाली, "अंधारानं फसवलं, सर. इंजेक्शन भरायला मीच उशीर केला."

गिताबाई शेरडांची दावी हातात घेऊन तिथंच उभी होती. "मामा, जखमी जनावर वो ते. आता शेरडं कुठं बांधू? पोरांना भाईर कशी सोडू?"

सगळे मामाच्या तोंडाकडं बघत होते. खरं सांगायला हीच वेळ बरी होती. पण खरं सांगितलं की मामाला वाचवायला खोटं बोलली म्हणून ही आणखी मोठी होणार, हेच त्याच्या मनात आधी आलं.

"घरात बांध," तो गिताबाईला म्हणाला. "अंधार लई झाला व्हता."