रमणकाकांचा कान

रमणकाका टायरवर सळई मारायचे आणि कान जवळ नेऊन थांबायचे. अच्छाडच्या नाक्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानाला लागून होतं. आवाज विरला की निकाल यायचा. "हा वापीपर्यंत. पुढं नको."

एका ड्रायव्हरने हसून विचारलं, "काका, टायर बोलतो का?"

"बोलतो. तू ऐकत नाय."

वापीच्या पुढे जेमतेम चार किलोमीटरवर त्याचा तो टायर फुटला.

एका दुपारी काका डोकं धरून टायरांच्या ढिगावर कोसळले. मी त्यांना वापीच्या हॉस्पिटलात नेलं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर तीन फुगवटे निघाले. एक फुटला होता. डॉक्टरांनी कवटी उघडून त्याला क्लिप लावली. दुसरा त्याच बाजूला, हाताशी होता. त्यालाही तेव्हाच लावली. तिसरा मागे, खोल. तिथे मांडीच्या धमनीतून बारीक नळी नेऊन फुगवट्यात तारेची गुंडाळी भरायची, तीही काका सावरल्यावर. नुसतं लक्ष ठेवता आलं असतं, पण एक फुटलेल्या माणसात डॉक्टरांना ते नको होतं. गुंडाळीतही जिवाला धोका होता; तो त्यांनी लपवला नाही.

काका म्हणाले, "राहू द्या. कमजोर टायर ट्रकच्या मागच्या जोडीत आतल्या बाजूला टाकायचा. भार बाहेरचा उचलतो. वर्षं निघतात."

"काका, ही रक्तवाहिनी जोडीतली नाही," डॉक्टर म्हणाले. "मागं ती एकटीच आहे."



संध्याकाळी मंजूकाकी नवऱ्याच्या खाटेशी बसल्या. "अख्ख्या हायवेचं सांगता. आता स्वतःचं सांगा ना!"

काकांनी नखाने कपाळावर टकटक केलं. थांबले. परत केलं. वॉर्डातला पंखा तेवढा ऐकू येत होता.

"दुसऱ्याचं ऐकू येतं," ते म्हणाले. "आपलं नाय."

आणि त्यांनी संमतीचा कागद मागितला.

दीड महिन्याने गुंडाळी भरली; नीट बसली. काका हॉस्पिटलातून घरी आले. मी उधव्याला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा काकी खुशीत होत्या. हातात चहाचा कप तसाच धरून त्यांनी नवऱ्यापुढे डोकं केलं. "आता माझं बघा. रिकामंच वाजेल!"

काकांनी हसत टकटक केलं. कान जवळ नेला. हसू ओसरलं. हात त्यांनी हळूच मागे घेतला.

"काय वो?"

"कप खाली ठेव," काका म्हणाले. "चप्पल घाल. वापीला जायचंय."