आवाज कुठून येतो

सायकलीच्या करकरीचा आमच्या साडूंइतका कट्टर वैरी उभ्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आखाडा बाळापूरच्या बाजारात त्यांचं टेलरिंगचं दुकान. समोरच्या रस्त्यानं दिवसभर ट्रक बोंबलत जातात, शेजारी डीजेवाला आपले भोंगे तपासत असतो, त्याचं त्यांना काही नाही. पण लांब कुठं एखादी सायकल कुरकुरली की मशीनवरचा पाय थांबलाच. हातातलं ब्लाउज तसंच टाकून, मशीनच्या तेलाची कुपी घेऊन ते रस्त्यात उभे. सायकलवाला ओळखीचा हवा अशी अट नव्हती, आणि त्याला घाई आहे का हे विचारायची तर पद्धतच नव्हती.

मग त्याची परीक्षा सुरू. आधी बसून चालवायची, मग सीटवरून उठून उभ्यानं, मग पाय थांबवून नुसती सोडून द्यायची. उभ्यानं आवाज थांबला तर दोष सीटचा. पाय थांबल्यावर थांबला तर पायडल, चेन किंवा मधला एक्सल. एवढं कळल्यावरही गडी एकच बोल्ट आवळणार आणि पुन्हा फेरी मारायला लावणार, मग दुसरा. सगळं एकदम आवळलं तर खरा चोर सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं. मातीला निघालेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी असं घोळवलं की तो स्मशानात पोचला तेव्हा लोक परत येत होते. येताना तो दुकानापाशी थांबला आणि म्हणाला, "मयत तर गेली, पण सायकल बराबर झाली बघा." साडूंनी ती तारीफ म्हणून घेतली.

आवाज कुठून येतो, हे सायकलीच्या मालकाला मात्र ते चुकूनही विचारत नसत. "पाव्हणं, जिथून वाटतो तिथून आवाज येतच न्हाई," हा त्यांचा सिद्धांत. लोखंडातून आवाज फिरतो आणि चालवणाऱ्यालाच आधी चकवतो. बऱ्याचदा ते खरंही निघायचं. एका अधिक महिन्यात सासऱ्यांनी आम्हा दोघा जावयांना आपल्या गावी, साखऱ्याला, धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. सासरे बिचारे बोलता बोलता म्हणाले, सायकलीचं पायडल वाजतं. झालं. साडूंनी आहेराचं धोतर नेसूनच सायकल उघडली. पानं वाढली, धोंडे निवले, सासूबाई दारातून डोकावून थकल्या. शेवटी ढिला निघाला तो सीटखालचा बोल्ट. धोतरभर ग्रीस, पण चेहरा सत्कार झाल्यासारखा. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, ताट पुढं सरकवत म्हणाल्या, "माझं कधी एवढं कान देऊन ऐकलं असतं तर." आम्ही सगळे हसलो. अक्काही हसल्या.

मागच्या वर्षी अक्का दुपारच्या आडव्या झाल्या की खोलीत बारीक करकर येऊ लागली. साडूंचा संशय लोखंडी खाटेवर. त्यांनी खाटेचा एक पाय आवळला आणि काही दिवस ऐकत बसले. मग दुसरा पाय. मग पंखा, मग दाराच्या बिजागऱ्या, सगळं त्यांच्या रीतीनं, एकेक. अक्का सांगत होत्या, "अवं, माझ्या छातीत वाजून राहिलं. खाटेला काहून तेल घालता?" पण अक्का पडल्या आवाजाच्या मालकीण; त्यांना वाटतं तिथून तो येणारच नाही, हे साडूंनी धरूनच ठेवलेलं. खाट गप झाली, पंखा गप झाला, दार गप झालं. आवाज राहिला. तेव्हा कुठं त्यांना नांदेडला नेलं. छातीत पाणी भरलं होतं. लवकर आणायला हवं होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. अक्का तिथून जिवंत परत आल्या नाहीत. मला त्या माणसाचा फार राग आला होता. दवाखान्याच्या बाकावर ते तेलकट हात मांडीवर उताणे ठेवून बसलेले दिसले आणि तो राग कुणावर काढावा ते कळेना.

अक्कांचे दिवस झाल्यावर त्यांनी दुकान उघडलं. आता सायकली राहिल्यात तरी किती. शाळेच्या पोरी आणि साखर वाढलेली माझ्यासारखी माणसं. करकर ऐकली की साडू अजून कुपी घेऊन उठतात, पण फेऱ्या मारायला लावत नाहीत. पहिल्यांदा विचारतात, "तुमाला कुठून वाटतं?" आणि समोरचा बोट दाखवेल तिथं तेल सोडतात. एका पोरीनं चेन दाखवली. तिचं मडगार्ड हलत होतं, ते मलासुद्धा दिसत होतं. साडूंनी चेनलाच तेल घातलं. मी हळूच मडगार्डचं म्हणालो, तर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती म्हणते ना तिथं वाजतं. मंग तिथंच."

परवा माझीच सायकल वाजत होती. त्यांनी विचारलं, मी पायडल दाखवलं. त्यांनी खाली बसून दोन्ही पायडलांना सावकाश तेल दिलं, फडक्यानं पुसलं. मी बसून निघालो, तर सीटखालून करकर तशीच. मागून त्यांनी विचारलं, "थांबला का?"

मी सीटवरून उठलो आणि उभ्यानंच पायडल मारू लागलो. आवाज बंद झाला. "थांबला," मी ओरडून सांगितलं. उभ्यानं चालवली की कुठला आवाज थांबतो, हे त्यांनीच तर मला शिकवलं होतं. ते कुपी हातात धरून रस्त्यात उभे राहिले, आणि गुडघे ठणकत असतानाही मी पुढचं वळण येईपर्यंत खाली बसलो नाही.